प्रौढांमधील स्वमग्नतेचे निदान : अचूकतेची कसोटी

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत मानसोपचार विभागातर्फे सादर केलेल्या भाषणाचा पाठ)



 विभागाच्या वर्षभराच्या कामाचे तक्ते अहवालात अन्यत्र छापलेले आहेत, त्यांची पुनरुक्ती येथे करीत नाही. आज आपला वेळ आम्ही एकाच प्रश्नासाठी मागणार आहोत. तिशी-चाळिशी गाठलेली एखादी व्यक्ती, किंवा तिची पत्नी, भाऊ वा वृद्ध आई, आमच्यासमोर बसून विचारते, ‘हा ऑटिझम आहे का?’ आम्ही ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणतो. ते उत्तर बरोबर आहे, हे कशावरून?

ऑटिझमला मराठीत स्वमग्नता हा शब्द आता रूढ झाला आहे. डॉ. लिओ कॅनर यांनी 1943 साली अमेरिकेत अकरा मुलांचे वर्णन करून या अवस्थेला वैद्यकीय ओळख मिळवून दिली. त्यामुळे पुढे दीर्घकाळ स्वमग्नता म्हणजे लहान मुलांचा विषय, अशी समजूत राहिली. पण मुले मोठी होतात. आपल्या उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या परिसरात आज जे चाळीस-पन्नास वर्षांचे आहेत, त्यांच्या बालपणी हा शब्द शाळेत तर सोडाच, दवाखान्यातही क्वचितच ऐकू येई. अशा मुलांना एकलकोंडा, घुम्या, तऱ्हेवाईक, फार तर ‘हुशार आहे पण व्यवहार कळत नाही’ असे म्हणून आपण मोकळे होत असू. ती माणसे आज कारखान्यात, दुकानात, कचेरीत काम करतात किंवा घरी बसून असतात. त्यांच्यापर्यंत निदान पोहोचलेले नाही.

निदान चुकले तर काय होते?

स्वमग्नतेच्या मूळ लक्षणांवर औषध नाही, मग निदानाचा एवढा खटाटोप कशासाठी, असे काहींना वाटेल. औषध नसले तरी त्या निदानावर माणसाच्या आयुष्यातील अनेक निर्णय ठरतात.

निदान राहून गेले तर काय घडते, याचा एक दाखला देतो. अमेरिकेत पेनसिल्व्हानिया राज्यातील एका मनोरुग्णालयात वर्षानुवर्षे दाखल असलेल्या 141 प्रौढांची नव्याने तपासणी झाली. तिचे निष्कर्ष 2012 साली प्रसिद्ध झाले. 14 जणांमध्ये पूर्वी कधीही न ओळखलेली स्वमग्नता आढळली आणि त्यांतील बहुतेकांच्या कागदपत्रांवर स्किझोफ्रेनिया, म्हणजे छिन्नमनस्कता, अशी नोंद होती. हे का घडले असावे, हेही समजून घेण्याजोगे आहे. 1980 सालापर्यंत अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत स्वमग्नतेला स्वतंत्र स्थानच नव्हते. अशा मुलांची गणना बालवयातील स्किझोफ्रेनियात होत असे. त्या काळी चिकटलेली चिठ्ठी पुढे कोणी उलगडून पाहिली नाही.

उलट दिशेची चूकही तितकीच महाग पडते. नैराश्य, मंत्रचळ, समाजात वावरण्याची पराकोटीची भीती किंवा सुरुवातीच्या टप्प्यातील मनोविकृती असलेल्या माणसाला घाईने ‘स्वमग्न’ म्हटले, तर उपचाराने बरा होऊ शकणारा आजार मागे पडतो. लग्नाच्या बोलण्यांत, नोकरीत, घरातल्या मानपानात तो शिक्का त्याच्यामागे राहतो. शिवाय ‘हमखास बरे करतो’ म्हणणाऱ्यांच्या दारात कुटुंब उभे राहते. स्वमग्नतेवर मूलपेशींचा उपचार करावा अशी शिफारस नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला 2022 साली स्पष्ट करावे लागले, ते उगाच नव्हे.

कायद्याच्या दृष्टीनेही निदानाचे मोल आहे. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नतेचा समावेश नव्हता. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली आणि दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 मध्ये 21 प्रकारच्या दिव्यांगत्वांत तिला स्थान मिळाले. या कायद्यान्वये किमान 40 टक्के दिव्यांगत्व प्रमाणित झाल्यास सरकारी नोकरीतील आरक्षणासारखे लाभ मिळू शकतात. खऱ्या गरजूचे निदान राहिले तर त्याचा हक्क बुडतो. नसलेल्याचे झाले तर मोजक्या जागांतील एक दुसऱ्याच्या वाट्याची जाते.

गुणसंख्या म्हणजे निदान नव्हे

स्वमग्नता ओळखणारी रक्ततपासणी नाही, क्ष-किरण नाही, मेंदूचे छायाचित्रही नाही. निदान होते ते वागणुकीच्या निरीक्षणावरून, मुलाखतीवरून आणि बालपणाच्या इतिहासावरून. या कामी मदत म्हणून जगभर प्रश्नावल्या आणि निरीक्षणपद्धती वापरल्या जातात. त्यांतील सर्वांत परिचित प्रश्नावली केंब्रिजच्या सायमन बॅरन-कोहेन आणि सहकाऱ्यांनी 2001 साली प्रसिद्ध केली. तिच्यात 50 विधाने आहेत. 32 किंवा त्याहून अधिक गुण मिळालेल्यांचे प्रमाण त्या वेळी निदान झालेल्या प्रौढांत सुमारे 80 टक्के, तर सर्वसाधारण गटात केवळ 2 टक्के आढळले. हे आकडे वाचून कोणालाही वाटेल की यापरते अधिक काय हवे?

पण थोडा हिशेब करून पाहू. समजा, आपल्या परिसरातील 10,000 प्रौढांना ही प्रश्नावली भरायला दिली आणि शंभरांत एक व्यक्ती स्वमग्न असते असे धरले. म्हणजे 100 जण स्वमग्न आणि 9,900 जण नाहीत. प्रश्नावली 100 पैकी 80 जणांना पकडील आणि 20 जण सुटतील. उरलेल्या 9,900 पैकी 2 टक्के, म्हणजे 198 जणांनाही ती चुकून पकडील. एकूण 278 जणांच्या हाती ‘जास्त गुण’ पडतील आणि त्यांतील खरोखर स्वमग्न असतील केवळ 80. जास्त गुण मिळालेल्या दर दहा जणांपैकी सात जण स्वमग्न नसतील! प्रश्नावली तीच, तिची कसोटीवरची कामगिरीही तीच. ती कोणाला दिली यावर तिच्या उत्तराचा अर्थ बदलला. मोबाईलवर चाचणी देऊन, आलेला आकडा घेऊन अनेक तरुण आमच्याकडे येतात. त्यांच्या अस्वस्थतेचा आम्ही आदर करतो. त्या आकड्याला मात्र पहिली पायरीच समजावे, अशी विनंती करतो.

मग थेट रुग्णालयात आलेल्यांपुरती तरी प्रश्नावली विश्वसनीय ठरते का? तेथे आणखी एक अडचण आहे. 2001 च्या त्या तुलनेत एका बाजूला निदान झालेले प्रौढ होते आणि दुसऱ्या बाजूला सर्वसामान्य माणसे. आमच्या बाह्यरुग्ण विभागात मात्र ‘सर्वसामान्य’ कोणी येत नाही. येणारा प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या त्रासाने गांजलेला असतो. लोकांत मिसळायला न जमणे, एकच विचार पुन्हापुन्हा मनात येणे, आवाजाने त्रासणे, ही लक्षणे नैराश्यातही दिसतात, मंत्रचळातही आणि छिन्नमनस्कतेतही. सोने आणि कोळसा वेगळे ओळखणे सोपे, सोने आणि पितळ वेगळे ओळखणे कठीण. आमच्यासमोर येतो तो दुसरा प्रकार.

2016 साली लंडनमधील एका तज्ज्ञ केंद्राचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तेथे तपासणीसाठी आलेल्या 476 प्रौढांना याच प्रश्नावलीची दहा प्रश्नांची छोटी आवृत्ती दिली होती. तिच्यात कमी गुण मिळाल्यामुळे जे ‘नसावे’ या गटात गेले असते, त्यांच्यापैकी 64 टक्के लोकांना सविस्तर तपासणीअंती स्वमग्नता असल्याचे ठरले. 80 प्रश्नांच्या दुसऱ्या एका प्रश्नावलीची कथाही तशीच बोलकी आहे. 2011 साली तिच्या निर्मात्यांनी ती जवळजवळ निर्दोष असल्याचे दाखविले. 2021 साली इंग्लंडमध्ये, तपासणीसाठी पाठविलेल्या 50 प्रौढांवर ती पारखली गेली, तेव्हा तिचे गुण आणि अंतिम निदान यांचा परस्परांशी संबंधच दिसला नाही.

प्रत्यक्ष निरीक्षणाची जी पद्धत जगभर सर्वोत्तम मानली जाते, तिच्यात तज्ज्ञ व्यक्तीसमोर बसून ठरावीक गप्पा आणि कृती घडवून आणतो. प्रौढांसाठी तिचा स्वतंत्र भाग आहे. पण छिन्नमनस्कतेसारख्या आजाराचे काही प्रौढही तिच्यात मर्यादेच्या वर जातात, असे परदेशी अभ्यासांत दिसले आहे. म्हणूनच ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने 2012 साली दिलेली मार्गदर्शक तत्त्वे छोट्या प्रश्नावलीला केवळ ‘पुढे पाठवावे की नाही’ एवढेच ठरविण्याचे काम देतात. निदान मात्र प्रशिक्षित चमूने, शक्य तेथे व्यक्तीला बालपणापासून ओळखणाऱ्या नातेवाईकाच्या मदतीने करावे, असे सांगतात.

तीन शहरांचे आपले प्रश्न

हे सारे अभ्यास परदेशांतील आहेत. आपल्याकडे 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत पाच ठिकाणच्या बालकांची तपासणी झाली आणि त्यांत उत्तर गोव्याचा समावेश होता. पण ती पाहणी 2 ते 9 वर्षे वयाच्या मुलांपुरती होती. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी केंद्र सरकारने 2016 साली एक भारतीय मापनश्रेणी लागू केली. ती सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेली आहे. तिच्यात 40 मुद्दे असून प्रत्येकास 1 ते 5 गुण दिले जातात आणि 70 गुणांपासून स्वमग्नता धरली जाते. भारतीय परिस्थितीचा विचार करून घडविलेले हे साधन निश्चितच मोलाचे आहे. तथापि उत्तम बोलणारा, शिकलेला, नोकरी टिकविणारा आणि त्यासाठी रोज जिवाचे रान करणारा प्रौढ अशा श्रेणीत कमी गुणांवर अडकण्याची शक्यता राहते. त्याचे कष्ट बाहेरून दिसत नाहीत आणि जे दिसत नाही त्याला गुण देता येत नाहीत.

आपल्या तीन शहरांची जडणघडण या प्रश्नात आणखी भर घालते. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांच्या वसाहतीतून 1949 साली उल्हासनगर उभे राहिले. आजही तेथील पत्ता कॅम्पच्या क्रमांकाने सांगितला जातो. घरात सिंधी, बाजारात हिंदी, कचेरीत मराठी आणि अर्जावर इंग्रजी, असा अनेकांचा दिवस जातो. अंबरनाथ आणि बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत राज्या-राज्यांतून आलेली माणसे आहेत. मग या व्यक्तीची मुलाखत कोणत्या भाषेत घ्यावी? परक्या भाषेत तुटक बोलणे, उत्तराला वेळ लागणे, विनोद न कळणे, हे भाषेच्या अपुऱ्या ओळखीमुळेही होते. परीक्षकाने ते स्वमग्नतेच्या खात्यावर मांडले, तर चूक रुग्णाची नसते.

भाषांतर हाही मोठा विषय आहे. इंग्रजी प्रश्नावलीत ‘ओळींच्या मधले वाचता येते का’ अशा अर्थाचे विधान असते. ते शब्दशः मराठीत आणले तर कोणालाच त्याचा बोध होणार नाही. ‘समोरच्याने न बोललेले कळते का’ असे विचारले तर सासुरवाशीण झालेली कोणतीही स्त्री क्षणात उत्तर देईल. समारंभापेक्षा ग्रंथालय बरे वाटते का, या प्रश्नाला ज्याच्या गल्लीत ग्रंथालयच नाही त्याने काय उत्तर द्यावे? आणि गणपतीत, हळदीच्या कार्यक्रमात किंवा सत्संगात न जाण्याची मुभाच जिथे नसते, तिथे ‘टाळता का’ या प्रश्नाचे ‘नाही’ हे उत्तर आवडीचे मानावे की सक्तीचे?

नजरेला नजर देणे, हे परदेशी पद्धतींत महत्त्वाचे चिन्ह समजले जाते. वडीलधाऱ्यांसमोर मान खाली घालणे हा आपल्याकडे संस्कार आहे, विशेषतः मुलींच्या बाबतीत. त्यामुळे एकीकडे स्वमग्न नसलेल्या स्त्रीला गुण मिळण्याचा धोका, तर दुसरीकडे खरोखर स्वमग्न असलेली स्त्री ‘किती शालीन, किती शांत’ म्हणून सुटून जाण्याचा धोका. अभ्यास एकत्र करून पाहिले तर सुमारे तीन पुरुषांमागे एक स्त्री असे स्वमग्नतेचे प्रमाण 2017 साली मांडले गेले. प्रत्यक्ष निदान झालेल्यांत स्त्रिया त्याहूनही कमी दिसतात, कारण अनेक जणी इतरांचे वागणे पाहून, पाठ करून, दिवसभर त्याची नक्कल करीत राहतात.

शेवटी बालपणाचा पुरावा. स्वमग्नता बालपणापासून असावी लागते, मध्येच उद्भवत नाही. पण पन्नाशीच्या माणसाचे बालपण सांगणार कोण? आई-वडील हयात नसतात, असले तरी पाच मुलांतील कोणते केव्हा बोलू लागले हे आठवत नाही. अशा वेळी थोरली बहीण, जुने शेजारी, वर्गशिक्षकांचा शेरा असलेले प्रगतिपुस्तक, लग्नसमारंभांतील छायाचित्रे, यांतून इतिहास जुळवावा लागतो. नातेवाईकांनो, जुनी कागदपत्रे आणा असे आम्ही आपणांस सांगतो ते यासाठी. आपल्या दृष्टीने जो रद्दीचा कागद, तो आमच्या दृष्टीने साक्षीदार असतो.

अचूकता तपासायची कशी?

एखाद्या वजनकाट्याची पारख करायची तर प्रमाणित वजन लागते. स्वमग्नतेत असे वजन म्हणजे अनुभवी तज्ज्ञांचे एकत्रित मत, दुसरे काही नाही. म्हणून त्या मताचीच शिस्त सांभाळावी लागते. आमच्या विभागाने यापुढे पाळावयाचे नियम असे ठरविले आहेत.

पहिला नियम, प्रश्नावलीचे गुण अंतिम मत देणाऱ्या तज्ज्ञाला आधी कळू द्यायचे नाहीत. ते पाहूनच मत बनविले आणि मग ‘प्रश्नावली आणि मत जुळले’ असे म्हटले, तर ती स्वतःच्या साक्षीवर स्वतःचाच निवाडा झाला.

दुसरा नियम, प्रत्येक प्रौढाची पाहणी दोन परीक्षकांनी स्वतंत्रपणे करावी आणि एकमेकांशी बोलण्यापूर्वी आपले मत लिहून ठेवावे. येथेही आकडा फसवू शकतो. दोघेही परीक्षक शंभरातील ऐंशी जणांना डोळे मिटून ‘हो’ म्हणत असतील, तरी केवळ योगायोगाने त्यांचे 68 वेळा एकमत होईल. म्हणून योगायोग वजा करून उरलेले एकमतच आम्ही हिशेबात धरू.

तिसरा नियम, जे स्वमग्न नसल्याचे ठरले त्यांचीही नोंद तितक्याच काळजीने ठेवावी. चाचणीची खरी परीक्षा त्यांच्यावर होते, पण बहुधा त्यांचे कागद सर्वांत आधी हरवतात.

चौथा नियम, मराठी, हिंदी आणि सिंधी भाषांतरे दोन स्वतंत्र व्यक्तींकडून करून घ्यावीत, तिसऱ्याकडून पुन्हा मूळ भाषेत उलटवून पाहावीत, आणि परदेशात ठरलेली गुणमर्यादा येथे लागू पडते असे गृहीत धरू नये.

पाचवा नियम, ठरावीक काळाने व्यक्तीला पुन्हा भेटावे. नैराश्य ओसरल्यावर जी लक्षणे नाहीशी झाली, ती स्वमग्नतेची नव्हती. जी तशीच राहिली, त्यांनी निदानाला पुष्टी दिली. काळाइतका निःपक्षपाती परीक्षक दुसरा नाही.

आणि सहावा, सर्वांत अवघड नियम. ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्या जोडीला ‘आज निश्चित सांगता येत नाही’ हेही प्रामाणिक उत्तर मानावे. ते ऐकून कुटुंब निराश होते, हे आम्ही जाणतो. पण असे उत्तर मिळाले म्हणून मदत थांबत नाही. झोप, चिंता, नैराश्य, कामावरचा ताण, घरातील संवाद यांवरचे उपचार त्याच दिवशी सुरू करता येतात. गर्दीच्या वेळची बदलापूर लोकल टाळण्यासाठी कामाची वेळ अर्ध्या तासाने बदलून घेणे, तोंडी सूचनांऐवजी लेखी सूचना मागणे, यासाठी शिक्का लागत नाही, समजूतदार वरिष्ठ लागतो.

आपणांकडून अपेक्षा

देणगीदार महोदय, यंत्रासाठी दिलेल्या देणगीची पाटी यंत्रावर लावता येते. आम्ही मागतो आहोत तो वेळ आहे : दुसऱ्या परीक्षकाचा वेळ, भाषांतरकाराचा वेळ, दूर राहणाऱ्या बहिणीशी बोलण्यासाठी लागणारा वेळ, काही महिन्यांनी पुन्हा भेटण्याचा वेळ. त्यावर पाटी लागत नाही. पण एका निदानामागे हा वेळ खर्च झाला नाही, तर त्याची किंमत रुग्ण पुढची अनेक वर्षे मोजतो.

विश्वस्त मंडळास आमची विनंती अशी की, विभागाचे मूल्यमापन ‘किती जणांचे निदान केले’ या एकाच आकड्यावर करू नये. किती निदाने दोन परीक्षकांत जुळली, किती पुनर्तपासणीत टिकली आणि किती बदलावी लागली, हे आकडेही पुढील अहवालापासून, कोणाचीही ओळख उघड न करता, आपल्यापुढे ठेवण्याची परवानगी द्यावी. बदललेल्या निदानांचा रकाना रिकामा दिसला, तर आनंद मानण्यापूर्वी आम्ही नीट शोधले की नाही, हे आम्हांस अवश्य विचारावे.

आणि रुग्णांच्या परिवाराने आम्हांस हक्काने तीन प्रश्न विचारावेत. हे मत कोणकोणत्या आधारांवर दिले? दुसरे कोणते आजार तपासून वगळले? आणि पुन्हा केव्हा पडताळून पाहणार? हे प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखविणे, असे कृपया समजू नये. ज्या निदानाला हे तीन प्रश्न पेलतात, त्याच निदानाच्या भरवशावर एखाद्या माणसाने आपले पुढचे आयुष्य आखावे.